अन्ननलिकेच्या भिंतीपलीकडची वाहिनी

शरीरातील सुमारे तीन चतुर्थांश लसीका (ऊतींमधून गोळा होणारा द्रव, म्हणजे लिम्फ) ज्या एका वाहिनीतून रक्तात परत येते, ती थोरॅसिक डक्ट छातीत अन्ननलिकेच्या मागे, कण्याला लागून वर चढते. माणसात तिची लांबी साधारणपणे ३८ ते ४५ सेंटीमीटर आणि रुंदी २ ते ५ मिलिमीटर असते. पोटाच्या मागच्या बाजूला कमरेच्या वरच्या मणक्यांपुढे असलेल्या सिस्टर्ना कायली नावाच्या पिशवीसारख्या भागातून ती निघते, महाधमनीसोबत मध्यपटलातून छातीत येते, पाचव्या वक्षीय मणक्याच्या आसपास उजवीकडून डावीकडे वळते आणि मानेच्या मुळाशी डाव्या बाजूच्या मोठ्या शिरांच्या संगमात रिकामी होते. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडची, म्हणजे टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण अन्ननलिकेतून खाली जाताना या वाहिनीपासून जेमतेम एखाद्या सेंटीमीटरवरून जाते. स्वादुपिंडाच्या गाठी, छातीतील लसीकाग्रंथी आणि पित्तनलिकेतील खडे यांच्यासाठी मी ही दुर्बीण रुग्णांवर अनेक वर्षे वापरत आलो आहे. इतक्या जवळ असलेल्या वाहिनीत अन्ननलिकेच्या आतूनच सुई नेता येईल का, या प्रश्नावर आमच्या गटाने डुकरांवर जे काम केले, त्याचा हा वृत्तान्त आहे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. छातीच्या किंवा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर ही वाहिनी दुखावली, तर फुफ्फुसाभोवती दुधासारखा द्रव साचत राहतो आणि त्यातून मेद, प्रथिने आणि लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशी रोज वाहून जातात. यकृताच्या सिऱ्होसिसमध्ये लसीकेचा प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. तोंडावाटे घेतलेली काही मेदविद्राव्य औषधे यकृताला वळसा घालून लसीकेवाटे रक्तात पोहोचतात, त्यामुळे औषधशास्त्रज्ञांना लसीकेचा थेट नमुना हवा असतो. या सर्वांसाठी वाहिनीपर्यंत पोहोचण्याचा एक विश्वासार्ह मार्ग लागतो, आणि आजवरचे मार्ग कष्टाचे आहेत.

पायाच्या पाठीवर निळे रंगद्रव्य टोचून, त्वचेखालची केसासारखी बारीक लसीकावाहिनी उघडी करून तिच्यात क्ष-किरणात दिसणारे द्रव्य सोडण्याची पद्धत जॉन किनमन्थ यांनी १९५०च्या दशकात रूढ केली. ती आजही अचूक मानली जाते, परंतु तिला फार वेळ आणि अतिशय स्थिर हात लागतो. अलीकडे जांघेतील लसीकाग्रंथीत सोनोग्राफीच्या साहाय्याने सुई घालून तेलयुक्त द्रव्य सोडतात आणि ते वर चढेपर्यंत वाट पाहतात. कॉन्स्टन्टिन कोप यांनी पोटाच्या कातडीतून थेट सिस्टर्ना कायलीपर्यंत सुई नेण्याचा मार्ग १९९०च्या दशकात आधी डुकरांवर पडताळला आणि मग रुग्णांवर वापरला. या मार्गात सुई आतडे किंवा यकृत यांच्यासारख्या अवयवांतून जाते आणि लक्ष्य दिसावे म्हणून आधी लसीकाचित्रण करावेच लागते. अन्ननलिकेतून मात्र वाहिनी सोनोग्राफीच्या पडद्यावर प्रत्यक्ष दिसू शकते आणि वाटेत फक्त अन्ननलिकेची भिंत आणि थोडा मेद असतो. कागदावर हा मार्ग सर्वांत जवळचा आहे. प्रत्यक्षात तो तसाच आहे का, हे जिवंत शरीरात पाहिल्याशिवाय कळणे शक्य नव्हते, कारण मृत शरीरात लसीका वाहत नाही आणि वाहिनी मिटून जाते.

प्राणी वापरण्याची परवानगी मागण्यापूर्वी आम्हाला स्वतःलाच उत्तर द्यावे लागले की प्राण्याशिवाय यातले किती शिकता येईल. प्रयोगातील प्राण्यांबाबत १९५९मध्ये मांडली गेलेली, प्राण्याला पर्याय, संख्येत घट आणि पद्धतीत सुधारणा ही त्रिसूत्री आम्ही अर्जातील रकाना म्हणून वाचली नाही, तिने कामाचा क्रमच ठरवला. सुईची दिशा, दुर्बिणीच्या टोकाचा कोन आणि पडद्यावर सुईचे टोक सतत दिसत ठेवण्याचा सराव आम्ही जिलेटिनच्या ठोकळ्यात पुरलेल्या बारीक नळ्यांवर केला. त्यात मोठ्या नळीतून पाणी फिरते ठेवून महाधमनी तयार केली आणि तिच्या शेजारी २ ते ३ मिलिमीटर रुंदीची मऊ नळी ठेवली. हाताचे कसब तिथेच बसवायचे आणि जिवंत प्राण्यावर फक्त तेच पाहायचे, जे जिलेटिन दाखवू शकत नाही, असे ठरले. पहिल्या टप्प्यातील प्रत्येक डुक्कर भुलीतून जागे होणार नाही, सर्व काम पूर्ण भुलीत होईल आणि शेवटी भुलीतच औषधाच्या अतिमात्रेने वेदनारहित मृत्यू दिला जाईल, हेही आधीच निश्चित झाले. ज्या क्रियेतील धोके अजून माहीत नाहीत, त्या क्रियेनंतर प्राण्याला जागे करून त्याला त्या धोक्यांचे दुखणे सोसायला लावणे मला अमान्य होते आणि नीतिसमितीचेही तेच मत होते.

डुक्कर निवडण्यामागे मुख्य कारण आकाराचे होते. साधारण ४० किलो वजनाच्या डुकराच्या अन्ननलिकेत माणसांसाठी बनवलेली दुर्बीण जाते, महाधमनीची जाडी आणि छातीची खोली तुलनेने जवळची असते आणि तेच प्रोसेसर, त्याच सुया, त्याच तारा वापरता येतात. परंतु डुक्कर म्हणजे लहान माणूस नव्हे, हे आमच्या पशुवैद्यांनी पहिल्या बैठकीत सांगितले आणि पुढे पावलोपावली त्याचा प्रत्यय आला.

भुलीपासूनच फरक सुरू होतात. डुकराचे स्वरयंत्र श्वासनळीशी कोन करून असते, मृदू टाळू लांब असते आणि घशाला स्पर्श होताच स्वररज्जू आवळून बसण्याची प्रवृत्ती असते. म्हणून श्वासनळीत नळी घालण्याचे काम भूलतज्ज्ञांनी प्राण्याला पालथे ठेवून, स्थानिक भूल फवारून, अत्यंत संथपणे केले. काही जातींच्या डुकरांमध्ये भुलीच्या वायूंमुळे शरीराचे तापमान अचानक आणि घातक रीतीने वाढते, त्यामुळे निःश्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि शरीराचे तापमान यांवर अखंड लक्ष होते. पुढचा अडसर दुर्बीण घालताना येतो. डुकराच्या घशात अन्ननलिकेच्या तोंडाच्या वरच्या अंगाला एक आंधळी पिशवी असते. सोनोग्राफीच्या दुर्बिणीत समोरचे नीट दिसत नाही, ती तिरके पाहते, त्यामुळे तिचे कडक टोक सहज त्या पिशवीत शिरू शकते आणि तिथे जोर दिला तर भिंत फाटू शकते. आम्ही प्रत्येक वेळी आधी साधी, समोर पाहणारी दुर्बीण घालून मार्ग पाहून घेतला आणि त्यानंतरच दुसरी दुर्बीण घातली.

आता या कामाचा गाभा. वाहिनी सापडणे सुईवर जितके अवलंबून आहे, त्याहून कितीतरी अधिक ती त्या वेळी भरलेली आहे की नाही यावर अवलंबून आहे. ही गोष्ट नवी नाही. १६२२मध्ये गास्पारे असेल्ली यांना कुत्र्याच्या आतड्याच्या पडद्यात पांढऱ्या रेषा दिसल्या, कारण त्या कुत्र्याने नुकतेच खाल्ले होते. उपाशी कुत्र्यात त्यांना त्या दिसल्या नाहीत. १६५१मध्ये झां पेके यांनी ज्या पांढऱ्या द्रवाचा माग काढत थोरॅसिक डक्टचे वर्णन प्रसिद्ध केले, तोही पचनातून आलेला मेदच होता. उपाशीपोटी लसीका पातळ, पिवळसर आणि थोडी असते. मेदयुक्त आहारानंतर, विशेषतः लांब साखळीच्या मेदाम्लांनंतर, आतड्यातून कायलोमायक्रॉन हे मेदाचे सूक्ष्म कण लसीकेत उतरतात, प्रवाह वाढतो आणि वाहिनी फुगते. मध्यम साखळीची मेदाम्ले मुख्यतः यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून जातात, म्हणून त्यांचा इथे उपयोग नसतो.

अडचण अशी की भुलीसाठी पोट रिकामे हवे आणि वाहिनीसाठी आतड्यात मेद हवा. डुकराचे जठर घन अन्न बराच काळ धरून ठेवते, त्यामुळे घन अन्न आदल्या दिवशीच थांबवावे लागते. शुद्धीवर असताना मलई पाजली, तर भूल देताना ती उलटून फुफ्फुसात जाण्याची भीती राहते. आम्ही यावर असा मार्ग काढला की आधी श्वासनळीत फुगा असलेली नळी बसवायची, श्वासमार्ग सुरक्षित करायचा आणि मग साध्या दुर्बिणीने जठराच्या पलीकडे ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, एक बारीक नळी पोहोचवून तिच्यातून कोमट मलई हळूहळू सोडायची. डुकराच्या जठराच्या आतड्याकडील तोंडाशी स्नायू-मेदाचा एक उंचवटा असतो आणि त्याला वळसा घालून पलीकडे जाण्यात वेळ जातो, पण हा वेळ वाया गेलेला नसतो. सोबत शिरेवाटे सलाईन चालू ठेवले, कारण रक्तवाहिन्यांतून ऊतींमध्ये झिरपणारे पाणी वाढले की लसीकेचा प्रवाहही वाढतो.

त्यानंतर वाट पाहायची असते. सुरुवातीला दुर्बीण हातात घेऊन लगेच शोध सुरू करावासा वाटतो. मलई दिल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पाहिले, तेव्हा महाधमनीच्या उजव्या मागच्या अंगाला पडद्यावर राखाडी मेदाशिवाय काहीही नव्हते. पशुवैद्य एवढेच म्हणाले, "डॉक्टर, आतड्याला त्याचं काम करू द्या." सुमारे दीड तासाने त्याच जागी, दुर्बीण त्याच खोलीवर असताना, एक काळी, बारीक, सरळ पट्टी दिसू लागली. कोरड्या ओढ्यात पाणी उतरल्यावर पात्र कुठे आहे हे कळावे, तसे ते होते. तिथे सुरुवातीपासून वाहिनी होतीच. तिच्या दोन भिंती एकमेकींना चिकटलेल्या असल्यामुळे ध्वनिलहरींना वेगळे असे काही सापडत नव्हते.

ती दिसली तरी ती तीच आहे हे ठरवणे हे वेगळे काम आहे. माणसात महाधमनी एका बाजूला, छातीच्या भिंतीतले रक्त गोळा करणारी अझायगस शिरा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये थोरॅसिक डक्ट, असा नकाशा आमच्या डोक्यात पक्का असतो. डुकरात डावी अझायगस शिरा ठळक असते, महाधमनीच्या डाव्या अंगाने वर जाते आणि हृदयाच्या कोरोनरी सायनस या मोठ्या शिरेत उघडते. त्यामुळे माणसाचा नकाशा जसाच्या तसा लावला, तर शोध चुकीच्या बाजूला होतो. आम्ही आधी महाधमनी लांबीत धरली, दुर्बीण किंचित उजवीकडे फिरवली, मणक्याची चकाकणारी कड आणि तिच्यामागची सावली दिसेपर्यंत गेलो आणि महाधमनी व मणका यांच्यातल्या कोपऱ्यात थांबलो. तिथे दिसणारी प्रत्येक काळी पट्टी तीन कसोट्यांवर तपासली. वाहते रक्त रंगाने दाखवणारे रंगीत डॉपलर लावल्यावर महाधमनी आणि शिरा रंगाने भरतात, लसीका मात्र इतकी संथ वाहते की पट्टी काळीच राहते. पट्टी वरखाली माग काढत गेले, तर ती लसीकाग्रंथीसारखी कुठेतरी संपत नाही, सलग राहते. आणि धीराने पाहिले, तर तिच्यात मधूनमधून झडपांच्या बारीक चमकदार रेषा दिसतात आणि महाधमनीच्या ठोक्याशी न जुळणारे, संथ, स्वतःचे आकुंचन दिसते. हे आकुंचन मला सर्वांत खात्रीचे लक्षण वाटते. लसीकावाहिनीच्या भिंतीत स्वतःचा स्नायू असतो आणि ती लसीका पुढे ढकलते, हे पुस्तकात वाचलेले असते, पण जिवंत शरीरात ते होताना पाहिल्यावर त्या वाहिनीबद्दल मनात वेगळाच आदर निर्माण होतो.

एक बारकावा इथेच सांगायला हवा, कारण तो रुग्णांवरील कामाच्या सवयीच्या विरुद्ध आहे. स्पष्ट चित्रासाठी आम्ही दुर्बिणीचे टोक अन्ननलिकेच्या भिंतीवर दाबून धरतो. लसीकावाहिनीतील दाब फार कमी असतो, त्यामुळे एवढ्याशा दाबानेही ती मिटते. टोक जेमतेम टेकलेले ठेवायचे, भिंत आणि टोक यांच्यातली हवा काढून टाकायची आणि चित्रात थोडा धूसरपणा आला तरी तो पत्करायचा, असे करावे लागते.

सुईची निवड हा आमच्यातल्या चर्चेचा मोठा भाग होता. १९ गेजची सुई सुमारे १.१ मिलिमीटर जाड असते. तिच्यातून जाड तार (जिच्यावरून मग बारीक नळी आत सरकवता येते) जाते, पण २ ते ३ मिलिमीटरच्या वाहिनीत ती घालणे म्हणजे वाहिनीची निम्मी रुंदी व्यापणे. २५ गेजची सुई साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते आणि ऊतींना कमीत कमी इजा करते, परंतु दुधी, मेदयुक्त द्रव तिच्यातून खेचणे कठीण जाते आणि नेहमीच्या तारा तिच्यातून जात नाहीत. २२ गेजची सुई मधली आहे. तिच्यातून ०.०१८ इंच जाडीची तार जाऊ शकते. केवळ नमुना आणि लसीकाचित्रण हवे असेल तर २५ आणि तार घालायची असेल तर २२, अशा निष्कर्षापर्यंत आम्ही आलो. १९ गेजला या वाहिनीत जागा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाहिनी दुर्बिणीला समांतर धावते, म्हणून लांबीतल्या छेदात ती आडव्या पट्टीसारखी दिसते आणि सुई तिच्यात तिरकी उतरते. हा तिरकेपणा उपयोगाचा आहे, कारण सुईचे टोक आत गेल्यावर त्याला वाहिनीच्या लांबीत थोडी जागा मिळते. अशी जागा निवडायची की टोक पलीकडे गेले तरी समोर महाधमनी येणार नाही. सुई आधी सलाईनने भरून घ्यायची, कारण तिच्यातील हवेचा एक बुडबुडाही चित्र झाकून टाकतो. व्हेंटिलेटर निःश्वासाच्या शेवटी काही सेकंद थांबवायला भूलतज्ज्ञांना सांगायचे, म्हणजे छातीची हालचाल थांबते. महाधमनीचा ठोका मात्र थांबत नाही आणि प्रत्येक ठोक्याबरोबर शेजारची वाहिनी सरकते.

पहिली अडचण भिंतीची. हळू ढकलले तर वाहिनीची पुढची भिंत सुईपुढे आत दबत जाते आणि मागच्या भिंतीला टेकते. सुई आत आहे असे चित्रात वाटते, प्रत्यक्षात ती बाहेरच असते. छोटा, निश्चित झटका द्यावा लागतो आणि त्यात सुई बहुधा दोन्ही भिंतींतून पार होते. मग सुई मिलिमीटरच्या अंशांनी मागे घेत, छोट्या पिचकारीने अगदी हलके ओढत राहायचे. जोरात ओढले तर कमी दाबाची ही वाहिनी सुईच्या टोकावर मिटते आणि काहीच येत नाही. मोठ्या पिचकारीचा हात आवरणे रुग्णांच्या गाठींतून नमुने घेणाऱ्याला अवघड जाते. तिथे ओढ हवी असते, इथे संयम.

सुईच्या मागच्या टोकाशी पांढरा, दुधी थेंब आला तेव्हा खोलीतल्या सर्वांच्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि त्या आनंदात सामील असूनही मला त्या थेंबावर लगेच विश्वास ठेवता आला नाही. आम्ही स्वतःच काही वेळापूर्वी या प्राण्याच्या आतड्यात मलई सोडली होती. ती उलटून अन्ननलिकेत आली असेल आणि सुईने आत जाताना तिथलाच अंश उचलला असेल, तर? म्हणून सुई घालण्यापूर्वी अन्ननलिका धुऊन, शोषून कोरडी करणे, सुईचे छिद्र बुजवणारी आतली तार तिच्यात ठेवून भिंत पार करणे आणि सुई वाहिनीत पोहोचल्यावरच ती तार काढणे, हे आम्ही सक्तीचे केले. आणि पुरावा म्हणून थेंबाचा रंग न धरता, पाण्यात विरघळणारे आयोडीनयुक्त द्रव्य अगदी थोडे सोडल्यावर क्ष-किरणाच्या पडद्यावर काय दिसते ते धरले. द्रव्य मेदात सांडले असेल तर ढगासारखा डाग पडून तिथेच राहतो. वाहिनीत असेल तर एक बारीक स्तंभ मणक्याच्या पुढून वर सरकत जातो, झडपांच्या जागी किंचित आवळलेला आणि त्यांच्या मध्ये फुगलेला, आणि शेवटी मानेच्या मुळाशी शिरेत विरून जातो. हा स्तंभ दिसला तेव्हाच आम्ही नोंदीत यश असा शब्द लिहिला. द्रव्य अतिशय संथपणे सोडावे लागते. दाब वाढला की सुईच्या छिद्राभोवतून ते बाहेर येते आणि पुढचे चित्र बिघडवते.

नमुन्याची तपासणी दुसऱ्या खोलीत झाली. लसीकेत फायब्रिनोजेन असते आणि तीही गोठते, म्हणून नमुना हेपारिन असलेल्या कुपीत घेतला. त्याच वेळी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्याशी ट्रायग्लिसराइड या मेदाची तुलना केली. छातीत साचलेल्या द्रवासाठी रुग्णांमध्ये प्रति डेसिलिटर ११० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ट्रायग्लिसराइड ही लसीकेची खूण मानतात, पण प्राण्याला नुकताच मेद दिलेला असताना एका आकड्यावर विसंबण्यापेक्षा रक्ताशी तुलना अधिक बोलकी ठरते. कुपी उभी ठेवल्यावर वर सायीसारखा थर जमला. सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी लाल थर आला, तर रक्त मिसळले आहे हे कळते.

पेशींच्या मोजणीत मात्र डुकराने त्याचे वेगळेपण पुन्हा दाखवले. माणसाच्या आणि उंदराच्या थोरॅसिक डक्टमधील लसीका लिम्फोसाइटनी समृद्ध असते. जेम्स गोवन्स यांनी १९५०च्या दशकात उंदरांच्या याच वाहिनीतून लिम्फोसाइट गोळा करूनच त्या रक्त आणि लसीका यांच्यात फिरत राहतात हे दाखवले. डुकराच्या लसीकाग्रंथीची रचना उलटी असते, बाहेर असणारा भाग आत आणि आतला बाहेर. तिच्यातील लिम्फोसाइट ग्रंथीतून निघून जवळपास सर्व थेट रक्तवाहिन्यांत जातात आणि पुढे जाणाऱ्या लसीकेत त्यांची संख्या फार थोडी राहते. त्यामुळे नमुन्यात पेशी कमी दिसल्या, म्हणजे नमुना चुकीच्या जागचा आहे असा निष्कर्ष इथे काढता येत नाही. याचा दूरगामी अर्थ असा की प्रतिकारशक्तीच्या पेशी लसीकेतून गोळा करण्याच्या अभ्यासाला डुक्कर योग्य नाही. सुईचे तंत्र, वाहिनीचे चित्रण, औषधाचे मेदाबरोबर होणारे वहन, यांसाठी ते योग्य आहे. एखाद्या प्रस्तावात ही दोन कामे एकत्र लिहिलेली असतील तर मी तो प्रस्ताव परत पाठवीन, कारण अयोग्य प्रश्नासाठी वापरलेला प्राणी वाया गेलेला असतो.

तार घालण्याचे काम नमुना घेण्याहून फार कठीण निघाले. सुई तिरकी असली तरी तार बाहेर पडताना समोरच्या भिंतीला टेकते. ती वरच्या दिशेला वळली तर झडपा तिला वाट देतात, कारण त्या लसीकेला वर जाऊ देण्यासाठीच उघडतात. ती खाली वळली तर पहिल्याच झडपेत अडते. दुर्बीण अन्ननलिकेत जशी उतरते, तशी सुई स्वाभाविकपणे खालच्या दिशेला झुकलेली असते. प्रवाहाच्या दिशेने तार वळवण्यासाठी टोक वाकलेली, मऊ तार फिरवत फिरवत घालावी लागली आणि दर वेळी ते साधलेच असे नाही. अडलेली तार मागे घेताना तिच्यावरचे आवरण सुईच्या धारदार कडेने सोलले जाऊ शकते, म्हणून अडताच तार आणि सुई एकत्र बाहेर काढायची असा नियम केला. सिस्टर्ना कायलीकडे जाऊन तिथून वर येणारा पोटातला मार्ग याच बाबतीत अन्ननलिकेच्या मार्गापेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवे. वाहिनी बुजवण्यासाठी कॉइल (धातूची बारीक गुंडाळी) किंवा गोंदासारखे द्रव्य सोडायचे असेल, तर कॅथेटर, म्हणजे आत नेलेली बारीक नळी, स्थिर बसणे आवश्यक असते आणि ती स्थिरता आम्हाला अजून हवी तशी मिळालेली नाही. नमुना आणि चित्रण यांच्यासाठी मात्र अन्ननलिकेचा मार्ग पुरेसा आहे, असे आता ठामपणे म्हणता येते.

काम संपल्यावर, सुई काढण्यापूर्वी, त्याच जागी थोडे मिथिलीन ब्लू सोडले. भुलीतच प्राण्याला मृत्यू दिल्यानंतर पशुवैद्यांनी छाती उघडली. शवविच्छेदनाला मी प्रत्येक वेळी उपस्थित राहिलो, कारण पडद्यावर जे यश दिसते त्याची किंमत ऊतींनी किती मोजली, हे तिथेच कळते. अन्ननलिकेच्या भिंतीवरचे छिद्र शोधावे लागावे इतके लहान होते. वाहिनीभोवतीच्या मेदात काही ठिकाणी रक्ताचा पातळ डाग होता, महाधमनीच्या भिंतीला इजा नव्हती आणि फुफ्फुसाभोवती द्रव साचलेला नव्हता. निळा रंग कुठे वाहिनीत सलग वर गेलेला होता, तर कुठे तो तिच्याभोवती पसरून वाहिनी स्वतः पांढरीच राहिली होती आणि त्या ठिकाणच्या क्ष-किरण चित्रातही ढगासारखा डागच होता. एका प्राण्यात वाहिनी काही अंतरापर्यंत दुहेरी होती. सोनोग्राफीत आम्ही तिची एकच शाखा पाहिली होती.

हे सर्व निष्कर्ष काही तासांचे आहेत, हे विसरता येत नाही. छिद्रातून लसीका झिरपत राहिली, तर छातीत द्रव साचायला दिवस लागतात. अन्ननलिकेची आतली बाजू निर्जंतुक नसते आणि तिच्यातून गेलेली सुई जंतू छातीच्या मध्यभागात नेऊ शकते, त्याचा परिणामही काही तासांत दिसत नाही. आम्ही सुई घालण्यापूर्वी प्रतिजैविक दिले होते, पण त्याने धोका किती कमी झाला हे भुलीतच संपणाऱ्या प्रयोगातून कळू शकत नाही. म्हणून पुढचा टप्पा प्राण्याला जागे करून काही दिवस देखरेखीखाली ठेवण्याचा आहे. त्यासाठीच्या अर्जात आम्ही फक्त २५ गेजची सुई, एकच छिद्र, वेदनाशामकाचे ठरलेले वेळापत्रक, रोजची छातीची सोनोग्राफी आणि कोणती लक्षणे दिसताच प्रयोग थांबवायचा याची यादी लिहिली आहे. तार घालण्याचे काम त्यात घेतलेले नाही. ते पुन्हा जिलेटिनच्या ठोकळ्यावर गेले आहे, या वेळी आत झडपा बसवलेल्या नळीसह.

समितीने या अर्जावर एक प्रश्न विचारला आहे: मेद न देता वाहिनी दिसू शकेल का, कारण जागे होणाऱ्या प्राण्याच्या आतड्यात मलई असणे भुलीतून बाहेर येताना धोक्याचे ठरू शकते. प्रश्न रास्त आहे. शिरेवाटे सलाईन देऊन आणि व्हेंटिलेटरचा दाब थोडा बदलून वाहिनी पुरेशी भरते का, हे आम्ही आधी भुलीतच संपणाऱ्या, दुसऱ्या अभ्यासासाठी मंजूर असलेल्या प्राण्यांमध्ये केवळ सोनोग्राफीने, सुई न घालता, पाहत आहोत. वाहिनीची रुंदी दर पंधरा मिनिटांनी, एकाच मणक्याच्या पातळीवर मोजून ठेवली जाते. ती मापे समितीकडे गेल्यानंतरच जागे होणाऱ्या पहिल्या प्राण्याची तारीख ठरेल.